उजेडाला उशीर

रुवीत तेव्हा गुरुवारची रात्र म्हणजे आमची शनिवारची.
शिवमंगल भटनागर स्टोअरकीपर होते,
दिवसा वॉशर मोजत, रात्री माणसं.
वादी कबीरच्या गोदामात
टायरांच्या थप्प्या मागे सरकवून
नाटक बसायचं. हिंदी.
क्रेनवाला कुट्टप्पन, ज्याच्या तोंडी 'ख' आला
की गोदामभर हशा,
हैदराबादचा शिंपी रहमतुल्ला, राजा कायम तोच,
कपडे त्याच्याकडे होते ना,
खौला हॉस्पिटलातल्या दोन नर्स, ड्यूटी नसली तर,
आणि कुडाळचा मी, वायरमन.
मला हिंदी धड येत नव्हती
म्हणून उजेड दिला.

घंटा नव्हती. जाड पाइपावर पाना हाणायचा,
तिसऱ्यांदा हाणला की खोकलेसुद्धा थांबत.

त्यांचं मला एकच सांगणं:
नटानं तोंड उघडायच्या आत
उजेड पोचलेला असावा.
"मुँह मत देख, साँस देख."
चार वर्षं मी एका माणसाचे श्वास बघितले.
बायकोचेही इतके बघितले नसतील.

मग मुत्रहच्या धक्क्यावर सिनेमावाले आले.
त्यांचा कस्टम ऑफिसर उन्हानं आडवा.
मी जनरेटरवर होतो, मीच म्हटलं,
आमच्याकडे एक आहे, एक्कावन्न वर्षांचा, खाकी स्वतःची.
दोनच शब्द होते: पेटी खोलिए.
भटनागरांनी पेटीकडे बघितलंच नाही,
पेटीवाल्याच्या कॉलरकडे बघत म्हणाले.
कट म्हणायचं राहून गेलं त्या लोकांचं.

सहा महिन्यांनी राजीनामा.
रजिस्टर माझ्या हातात देताना म्हणाले,
गॅस्केटं चौदा कमी आहेत, लिहून ठेव.
मुकुटाला लागली.

त्यानंतर ते आम्हाला शुक्रवारी भेटत,
दुपारच्या खेळाला.
नायिकेचे बाप. एकदा नायकाचे.
चष्मा काढून मान हलवणारे डॉक्टर.
जज्ज, तेही हातोडा एकदाच आपटणारे.
बहुतेक मध्यंतराच्या आत मरायचे.
कुट्टप्पन वहीत मांडून ठेवी:
गोळी बारा, हार्टफेल नऊ, जिन्यावरून एक.
ते पडले की मागच्या रांगेतून
कोणीतरी हमखास ओरडे, "स्टोअर बंद!"
आणि आम्ही हसायचो, मोठ्यानं,
आमचाच माणूस मेला म्हणून.

मी मात्र उजेड बघायचो.
त्यांच्या गालावर कधी त्यांचा म्हणून नव्हता.
हिरोवर सांडून उरलेला,
पंगत उठल्यावर पातेल्याच्या काठाला राहतो
तेवढा.

सत्तरीत एकदा आले, बिदियाच्या वाळूत शूटिंगला.
मी सुट्टी टाकून गेलो.
ते अरब शेख. चिकटवलेली दाढी.
ड्रायव्हर हमूद म्हणाला, असली दाढी
आमच्या आजोबांच्या बकरीला होती.
भटनागर सगळ्यांत जास्त हसले, दाढी धरून.
साडेअकराला मेले.
बारा वाजता डबा खाल्ला, दही मागितलं.

संध्याकाळी म्हणाले, गोदाम दाखव.
गोदाम आता टाइल्सचं दुकान.
राजाच्या सिंहासनाच्या जागी कमोड, ओळीनं सात.
त्यांना वाईट वाटेल म्हणून मी
पार्किंगविषयी काहीतरी बोलत राहिलो.
ते ऐकत नव्हते.
एक टाइल उचलली, कानाशी धरली,
बोटाच्या सांध्यानं वाजवली.
एकदा.
दोनदा.
तिसऱ्यांदा वाजवून खाली ठेवली
आणि छाती भरून श्वास घेतला.
तोच.

माझा उजवा हात आपणहून भिंतीकडे गेला.
तिथं बटण नव्हतं. गुळगुळीत, थंड,
मासळीच्या पाठीसारखं काहीतरी.

"लेट," ते म्हणाले. "अभी भी लेट."

काउंटरवरचा पोरगा कधीपासून विचारत होता,
मॅट दाखवू की ग्लॉसी.